समाधान : मराठीतले आणि हिंदीतले

मराठीतला ‘समाधान’ हा शब्द हिंदीत जसाच्या तसा उचलता येत नाही. हिंदीत समस्येचे समाधान होते. म्हणजे गाठ सुटते, तोडगा निघतो. मराठीत समाधान माणसाला वाटते, आणि ते वाटण्यासाठी गाठ सुटलेली असलीच पाहिजे असे नाही. उपाशी निजलेल्या माणसालाही मराठीत समाधान असू शकते. हिंदीत हे वाक्य विचित्र वाटेल. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तील काही प्रकरणे हिंदीत करायला घेतली तेव्हा हा फरक मला शब्दकोशातल्या टिपेएवढाच वाटला होता. काम पुढे गेले तसे लक्षात आले की मराठी ख्रिस्ती आत्मकथनांकडे पाहण्याची एक दृष्टीच या एका शब्दात आहे. ख्रिस्ती श्रद्धेने भय गेले आणि मन निवले, असे सांगणारे लेखन आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून होत आले आहे. त्यातले बरेचसे हिंदी अर्थाचे समाधान देऊ करते. ‘स्मृतिचित्रे’ मराठी अर्थाचे देते, आणि तेही न मागता.

या लेखनप्रकाराला प्रॉटेस्टंट मंडळींत ‘साक्ष’ म्हणतात. शब्द कोर्टातला आहे आणि प्रकारही थोडा तसाच आहे: जे झाले ते शपथेवर सांगायचे, आणि निकाल आधीच ठरलेला. साक्षीचा साचा ओळखीचा असतो. आधी अंधार आणि भय, मग एखादे पुस्तक किंवा माणूस भेटतो, मग काही काळ घालमेल, मग बाप्तिस्मा आणि शांती. बाबा पदमनजींनी आपल्या आत्मचरित्राला १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ असे नाव दिले तेव्हाच शेवट सांगून टाकला होता. वाचकाला त्यांची काळजी वाटायचे कारण उरत नाही, उजाडणार आहे हे मुखपृष्ठावरच छापलेले आहे. तरीही ‘अरुणोदय’ मधला उत्तम भाग उजाडण्याच्या आधीचा आहे. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या या माणसाला मनाने ख्रिस्ताकडे वळल्यावरही बाप्तिस्म्यापर्यंत पोचायला वर्षे लागली. तो झाला १८५४ मध्ये, बेळगावातच. मध्ये उभे होते ते घर. देवाचे भय आणि घरच्यांचे भय यांतले कोणते मोठे, याचा निकाल ज्या पानांवर लागलेला नाही ती पाने मला आजही वाचावीशी वाटतात. निकाल लागल्यानंतरची पाने मी भराभर उलटते.

साच्यात न बसलेला एक माणूस इथेच सांगायला हवा, कारण आपल्या समीक्षेत तो फारसा येत नाही. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला ते पुढे झाले आणि १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले, पुढे फादर नेहेम्या गोरे म्हणून ओळखले गेले. ‘षड्दर्शन दर्पण’ हा त्यांचा ग्रंथ हिंदीत आहे. मराठी घरातला माणूस हिंदीत ख्रिस्ती तत्त्वज्ञान लिहितो, हे आपल्या वाङ्मयेतिहासांच्या कप्प्यांत कुठेच मावत नाही, ते असो. मुद्दा असा की गोरे यांना शंकांनी जन्मभर सोडले नाही. बाप्तिस्म्याने त्यांची गाठ सुटली नाही, एका पंथातून दुसऱ्या पंथात जाऊनही सुटली नाही. आणि तरी पंडिता रमाबाईंना बौद्धिक पातळीवर ख्रिस्ती मत पटवून देण्यात याच अस्वस्थ माणसाच्या लेखनाचा मोठा वाटा होता. ज्याच्याकडे स्वतःपुरतीही शांती नव्हती त्याने दुसऱ्याला तिच्या दारापर्यंत नेले. साक्षीच्या साच्याला ही गोष्ट सांगताच येणार नाही.

रमाबाईंनी मात्र साक्ष लिहिली. ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ हे छोटे पुस्तक १९०७ चे, इंग्रजीतले. त्यात दुष्काळात आईवडील गेल्याची हकीकत आहे, भावाबरोबर देशभर केलेली पायपीट आहे, स्त्रियांना मोक्षाचा स्वतंत्र मार्ग नाही हे शास्त्रांत वाचल्यावर आलेली विषण्णता आहे. इथवर गद्याला धार आहे. या पुस्तकाची खरी विलक्षण गोष्ट पुढे येते. रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमध्ये वाँटेज येथे. पण त्या सांगतात की आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. मधल्या काळात त्या अमेरिकेला गेल्या, पुस्तके लिहिली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. जगाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत निर्भय काळ. आणि त्यांच्या मते याच काळात त्या आतून रिकाम्या होत्या.

या कबुलीने साक्षीचा साचा मोडतो असे वाटते, पण मोडत नाही. तो फक्त आठ वर्षे पुढे सरकतो. बाप्तिस्म्याच्या जागी दुसरा, आतला क्षण येतो, आणि त्यानंतरचे गद्य एकदम सैल पडते. वाक्ये तेव्हाच्या इंग्रजी धर्मप्रसारक पुस्तकांतली वाटू लागतात. याचे कारण रमाबाईंच्या श्रद्धेत शोधू नये, भाषेत शोधावे असे मला वाटते. ज्या बाईने वाँटेजच्या भगिनींना पत्रांतून विचारले की क्रुसावर लॅटिनच अक्षरे का, संस्कृत का नकोत, ती बाई शांतीबद्दल लिहिताना उसन्या शब्दांवर का थांबते? कारण इंग्रजीत ते शब्द तयार होते आणि वाचकही ते ऐकायला तयार होता. पुढे त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणायला बसल्या. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम चालले, आणि छापून आले १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमधून. साध्या बायांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती आणि हिंदू दर्शनांचा अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द टाळायचे होते. आपली साक्ष त्यांनी या मराठीत मुळातून लिहिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला त्यांच्या पुस्तकातल्या पुष्कळ उत्तरांपेक्षा जास्त खुणावतो.

लक्ष्मीबाईंचे पुस्तक याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. साक्ष द्यायला त्या बसल्याच नव्हत्या. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांच्या चरित्राला उपयोगी पडाव्यात म्हणून मुलाने आईकडून आठवणी मागितल्या, आणि जेमतेम लिहायला शिकलेल्या त्या बाईने मराठीतले एक अजोड आत्मचरित्र लिहून ठेवले. ते १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये त्या गेल्या. ‘शांती’ हा शब्द या पुस्तकातून वाचकाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतात भांडी, पाणी, चूल, रुसवेफुगवे, आणि पानोपानी हसू.

पण पुस्तक सुरू होते ते भयाने. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचे सोवळे विकोपाला गेले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही. घरातली मुले विटाळाच्या धाकात वाढायची. आज आपण याला आजार म्हणू. लक्ष्मीबाई काहीच म्हणत नाहीत, त्या फक्त सांगतात, आणि आपल्याला हसू येते. हसता हसता केव्हातरी उमगते की हे घर भयाने पछाडलेले आहे, आणि ही मुलगी ते भय मीठभाकरीसारखे रोज खात मोठी झाली. तिचे पुढचे सगळे आयुष्य या पहिल्या पानांच्या उजेडात वाचावे लागते. नवऱ्याने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिच्यावर जे कोसळले त्यात विरह होता, अब्रू होती, लहान मुलाची चिंता होती. पण सर्वांत खाली बापाच्या घरचे ते जुने भय होते. ज्याच्याशी संसार करायचा तोच आता अस्पर्श.

पुढची काही वर्षे त्या नातलगांकडे, पंढरपुरासारख्या ठिकाणी काढतात. मग नवऱ्याकडे जातात, पण सोवळे घेऊन जातात. एका संसारात दोन स्वयंपाक. टिळक शीघ्रकोपी, पण या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने मोठेच सांगावे लागेल. आणि मग एका रात्री लक्ष्मीबाई जागत पडल्या असता विचार करतात की ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांच्या अंगावर तशी काही खूण दिसली असती. खूण तर नाही. सकाळी त्या नवऱ्याला सांगतात की यापुढे मी कुणाच्याही हातचे खाईन.

या प्रसंगात येशू नाही. माझ्या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’तली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि भाविक वाचक व सुधारक वाचक दोघेही ती घाईने ओलांडून जातात. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये. भय आधी गेले, श्रद्धा मागून आली. साक्षीच्या साच्यात क्रम उलटा असतो: श्रद्धा आली म्हणून भय गेले. लक्ष्मीबाई तर्काने, जवळजवळ स्वयंपाकघरातल्या हिशेबाने, बापाच्या भयाचा निकाल लावतात, आणि मग मोकळ्या झालेल्या जागेत श्रद्धा येऊन बसते. म्हणून त्यांच्या श्रद्धेला आवाज चढवावा लागत नाही. शत्रू आधीच घराबाहेर गेलेला असतो.

श्रद्धा आल्यानंतरही घरात शांतता नांदली असे हे पुस्तक कुठे म्हणत नाही. टिळकांचा राग बाप्तिस्म्याने निवला नाही. पैसा हातात टिकला नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला, आणि जमत आलेले घर पुन्हा हलले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असे टिळक म्हणत, आणि ते वाक्य आपण कौतुकाने उद्धृत करत असतो. त्या पुलावरून चालणाऱ्या माणसाच्या मागे बायकोला किती वेळा सामान बांधावे लागले, हे कळायला ‘स्मृतिचित्रे’च वाचावी लागतात. आवलीने आत्मचरित्र लिहिले असते तर ते काहीसे असेच झाले असते, असे मनात येऊन जाते. आणि तरी लक्ष्मीबाईंना समाधान आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याइतके आहे. गाठ एकही सुटलेली नाही.

आता हे हिंदीत कसे न्यायचे? इंग्रजीत तीन अनुवाद झाले आहेत: जोसेफिन इंकस्टर यांचा १९५० मधला, लुई मेनेझिस यांचा २००७ मधला आणि शांता गोखले यांचा २०१७ मधला. इंग्रजी अनुवादकाला एक सोय असते. त्याच्या वाचकाला सोवळे ठाऊकच नसते, त्यामुळे ते समजावून सांगता येते. हिंदी वाचकाला मात्र सोवळे माहीत असते, फक्त त्याच्याकडे त्याला वेगळी नावे असतात, आणि प्रत्येक नावाबरोबर दुसरीच काहीतरी वस्तू येते. ‘छुआछूत’ म्हटले की सामाजिक अन्याय डोळ्यांसमोर येतो, पाणी टाकून टाकून हात सोलवटलेला एक वेडापिसा बाप येत नाही. ‘शुद्धता’ म्हटले की तुपाच्या डब्यावरची जाहिरात. मी राहते जयपूरला, सीकर रोडच्या बाजूला, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राला लागून. आमच्या शेजारच्या, नाथद्वाऱ्याकडच्या वयस्कर बाईंनी मला ‘अपरस’ हा शब्द दिला. पुष्टिमार्गी हवेल्यांत सेवेसाठी स्नान करून जो कुणालाही न शिवण्याच्या अवस्थेत असतो तो अपरसमध्ये असतो. शब्द नेमका होता, सोवळ्याचा सख्खा भाऊ. पण त्याला मंदिराचा, फुलांचा, ठाकुरजींच्या भोगाचा वास आहे. भयाचा नाही. लक्ष्मीबाईंचे वडील अपरसमध्ये असते तर मुलगी इतकी घाबरली नसती.

शांतीचे उत्तर याच वस्तीत अनपेक्षितपणे सापडले. सिमडेगाकडची एक ख्रिस्ती बाई इथल्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला आहे. तिच्याशी माझी ओळख झाली ती मी हिंदी मसुदा वाचून दाखवायला श्रोता शोधत होते म्हणून. प्रार्थनेने काय मिळते, असे मी तिला विचारले. ‘शांति’ हा शब्द तिने वापरला नाही. ‘दीदी, चैन पड़ता है। रात को नींद आ जाती है।’ मराठीत चैन म्हणजे उधळपट्टी. हिंदीत तो आपल्या ‘समाधान’ला मला सापडलेला सर्वांत जवळचा शब्द आहे. त्यात तोडगा नाही, निकाल नाही. उद्या सकाळी तीच शिफ्ट आहे.

तिला मी जातीबद्दलच्या त्या रात्रीचे पान वाचून दाखवले. मला ते पान फार आवडते, त्यामुळे वाचताना मी जरा रंगले असेन. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘और जिनके हाथ का पानी वो पहले नहीं पीती थीं, उनको कैसा लगा?’

या प्रश्नाला ‘स्मृतिचित्रे’त उत्तर नाही, आणि समीक्षेने हे स्पष्ट म्हटले पाहिजे. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनभोवती जो ख्रिस्ती समाज उभा राहिला त्यात मोठी संख्या महार आणि मांग कुटुंबांची होती. टिळकांसारखे ब्राह्मण त्यात मूठभर. पण मराठी ख्रिस्ती साहित्य म्हणून आपण जे वाचतो ते बहुतांशी या मूठभरांचे आहे, आणि म्हणून त्यातले भयही त्यांचे आहे: विटाळाचे भय, घर तुटण्याचे भय, शास्त्राने टाकून देण्याचे भय. ज्याच्या स्पर्शाला सगळे भितात त्याच्या मनात कसले भय असते? ते विटाळाचे नसणार. ते विहिरीवर पडणाऱ्या दगडाचे असेल, वेठीचे असेल, उद्याच्या भाकरीचे असेल. अशा माणसाला ‘भिऊ नका’ हे बायबलमधले शब्द वेगळेच ऐकू येतील. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर लिहिताना हाच विषय कोरड्या, निष्ठुर नजरेने तपासला आहे. धर्म बदलल्यावर त्या माणसाच्या वाट्याला जातीपासून सुटका आली का, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्यांचे उत्तर आश्वासक नाही. आंबेडकर हिंदी अर्थाने समाधान मागतात. समस्या सुटली पाहिजे. नुसत्या मराठी समाधानावर त्यांचा विश्वास नाही, आणि ज्यांच्या वतीने ते बोलत होते त्यांचा तरी का असावा?

म्हणजे सुरुवातीला मी ज्या दोन अर्थांत डावे-उजवे केले, ते तेवढे सरळ नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याने गाठ न सुटताही समाधानी राहणे हा अध्यात्मातला मोठा पल्ला असेल. ज्याच्या डोक्यावर नाही त्याला तेच शिकवणे ही फसवणूक ठरू शकते. लक्ष्मीबाई हे कुणालाच शिकवत नाहीत, म्हणून त्यांचे पुस्तक या आरोपातून सुटते. त्यांच्यावर लिहिणारे आपण मात्र सुटत नाही. ‘स्मृतिचित्रे’ ही समन्वयाची, सोशिकतेची गाथा आहे असे आपण लिहितो तेव्हा एका बाईच्या विनोदबुद्धीला सगळ्यांसाठीचे औषध करून टाकतो. सोशिकता हा या पुस्तकाचा गुण मला कधी वाटलाच नाही. लक्ष्मीबाई सोसत नाहीत. भांडतात, रुसतात, टोमणे मारतात, निघून जातात आणि परत येतात.

मसुद्यात सध्या ‘सोवळे’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवला आहे, पहिल्या प्रकरणातच वाचकाला तो आपोआप शिकावा लागतो. ‘समाधान’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘चैन’ आहे, एका ठिकाणी ‘तसल्ली’. त्या रात्रीच्या पानावर मी पुन्हा काम करते आहे. माझ्या हिंदीत ते पान विजयाचे झाले होते; शेवटचे वाक्य ताठ उभे राहत होते. मूळ मराठीत ते तसे नाही. तिथे एक बाई सकाळी उठून नवऱ्याला एक गोष्ट सांगते, आणि दिवसाची कामे सुरू होतात.